लिव्हर बदलण्याआधी हात मोजा

मोटारसायकलचे कंपनीचे क्लच-ब्रेक लिव्हर काढून बाजारातले ॲडजस्टेबल लिव्हर बसवावेत का, असं कुणी विचारलं की मी आधी त्यांचा हात बघते. बोटं लिव्हरपर्यंत नीट पोचत नसतील, तर चांगला ॲडजस्टेबल लिव्हर हा गाडीवर केलेल्या सगळ्यात उपयोगी खर्चांपैकी एक ठरतो. बोटं पोचत असतील आणि गाडी रोज डांबरी रस्त्यावरच धावत असेल, तर कंपनीनं दिलेले लिव्हर काढायचं काही कारण नाही. आणि केवळ दिसायला छान म्हणून घ्यायचेच असतील, तर निदान ब्रेकच्या बाजूचा लिव्हर तसाच राहू द्या.

लिव्हर म्हणजे शाळेत शिकलेली तरफ. एका टोकाला पिव्हटचा बोल्ट, त्याच्यापासून थोड्याच अंतरावर क्लच केबलचं निपल किंवा ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन, आणि बोटं त्याहून बरीच लांब. या दोन अंतरांच्या गुणोत्तरावर हाताचं बळ किती पट होऊन पुढे जाणार ते ठरतं. गाडी बनवणारी कंपनी हे गुणोत्तर क्लचच्या स्प्रिंगचा ताण, पिस्टनचा व्यास, कॅलिपरचा आकार असं सगळं जुळवून ठरवते. बाजारातला लिव्हर बनवणारा कारखाना बहुतेक वेळा मूळ लिव्हर समोर ठेवून त्याची मापं उतरवतो. मापं नेमकी उतरली तर काही बिघडत नाही. ती एखाद्या मिलिमीटरनं चुकली तर मात्र ब्रेकच्या बाजूला गंभीर प्रसंग ओढवू शकतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. बाकी लेख चाळला तरी चालेल, पण तेवढा भाग नीट वाचा.

हात कसा मोजायचा

गाडी मेन स्टँडवर लावा. मेन स्टँड नसेल तर कुणाला तरी मागून धरायला सांगा. नेहमी बसता तसे बसा, नेहमीचे ग्लोव्हज घाला आणि ग्रिप मुठीत पूर्ण धरा. आता तळहात जागचा न हलवता तर्जनी आणि मधलं बोट लिव्हरवर ठेवा. बोटाच्या टोकाकडून पहिल्या पेराची घडी लिव्हरवर यायला हवी. नुसती बोटांची टोकंच टेकत असतील, किंवा लिव्हर गाठायला तळहात पुढे न्यावा लागत असेल, तर लिव्हर तुमच्या हातासाठी लांब आहे. हीच चाचणी उलट्या बाजूनंही करा. दोन बोटांनी लिव्हर पूर्ण ओढल्यावर तो ग्रिपवरच्या उरलेल्या दोन बोटांवर आपटत असेल, तर तो फार जवळ आहे.

उजव्या हातासाठी ही चाचणी जास्त महत्त्वाची. ब्रेक गाठायला तळहात जागचा हलला की त्याच्याबरोबर थ्रॉटलही थोडा फिरू शकतो. म्हणजे ब्रेक लावायच्या क्षणीच इंजिनाला पेट्रोल जास्त मिळू शकतं. समोर अचानक कुणी आडवं आलं तर त्या क्षणी बोटं चाचपडत लिव्हर शोधताहेत की आधीच त्याच्यावर आहेत, यावर बरंच काही अवलंबून असतं. माझा हात लहान आहे. लिव्हर जवळ आणल्यावर घाटात माझं मनगट दुखायचं थांबलं, आणि ब्रेक हळूहळू वाढवत नेणं मला जमू लागलं. त्याआधी ब्रेक एकतर लागायचा किंवा लागायचाच नाही, मधलं काही नसायचं. ज्यांच्या बोटांना संधिवाताचा त्रास आहे, ज्यांचं एखादं बोट जुन्या दुखापतीनं नीट वळत नाही, अशांनाही हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

पण पैसे खर्च करण्याआधी फुकटातले दोन उपाय करून बघा.

पहिला उपाय लिव्हरच्या कोनाचा. गाडीवर बसून बोटं लिव्हरवर टाकली की कोपरापासून बोटांपर्यंतचा हात साधारण सरळ रेषेत यायला हवा. शोरूममधून आलेल्या पुष्कळ गाड्यांचे लिव्हर आडवे, जमिनीला समांतर असतात. त्यामुळे मनगट मागे मोडतं आणि बोटांची पोच कमी होते. हँडलवरच्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून लिव्हर किंचित खाली फिरवला की तीच बोटं लिव्हरवर जास्त चांगली बसतात. ब्रेकच्या क्लॅम्पवर बहुतेक वेळा बाण किंवा वरची बाजू दाखवणारी खूण असते. ती वरच ठेवा. अशा क्लॅम्पचा आधी वरचा बोल्ट घट्ट करायचा आणि मग खालचा. फिरवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. ब्रेकचा पाइप किंवा क्लचची केबल कुठेही ताणली जाता कामा नये.

दुसरा उपाय म्हणजे तुमच्या लिव्हरवर ग्रिपपासूनचं अंतर कमी-जास्त करणारी चकती आधीच आहे का ते पाहणं. केटीएम ३९० ड्यूकवर २०१७ सालच्या मॉडेलपासून दोन्ही लिव्हर ॲडजस्टेबल आले, रॉयल एनफिल्डच्या सुपर मीटिओर ६५० वर ते कंपनीतूनच येतात, टीव्हीएसनंही अपाची आरटीआर २०० वर ते दिले. चकतीवर आकडे आणि शेजारी एक ठिपका किंवा बाण असतो. लिव्हर पुढे ढकलून धरायचा, चकती फिरवायची, बास. वर्षानुवर्षं गाडी चालवूनही ज्यांनी ही चकती एकदाही फिरवलेली नाही असे पुष्कळ लोक मला भेटतात. तुमच्या गाडीच्या आवृत्तीवर अशी सोय नसेल, तर त्याच गाडीच्या महागड्या आवृत्तीवर आहे का, आणि तो लिव्हर तुमच्या गाडीला बसतो का, हे सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर विचारा. बसत असेल तर शोध तिथेच संपवा. कंपनीनं त्याच ब्रेकसाठी बनवलेला ॲडजस्टेबल लिव्हर मिळत असताना बाहेरचा घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

क्लच जड आहे म्हणून लिव्हर बदलू नका

पुण्यामुंबईच्या वाहतुकीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तास काढणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. डावा पंजा भरून येतो, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, मग कुणीतरी ‘हलका’ लिव्हर घ्यायला सांगतं. पण क्लच जड होण्याचं कारण बहुतेक वेळा लिव्हरमध्ये नसतंच.

खात्री करायची तर इंजिनाच्या बाजूनं क्लच केबल सोडवा आणि वर लिव्हर ओढून बघा. केबल मोकळी असूनही लिव्हर खरखरत, अडत येत असेल तर दोष केबलमध्ये किंवा लिव्हरच्या पिव्हटमध्ये आहे. लिव्हर अगदी अलगद येत असेल तर जडपणा खाली, क्लचच्या स्प्रिंग, प्लेट किंवा इंजिनावरच्या क्लच आर्ममध्ये आहे. केबलचा दोष असेल तर नवी ओरिजिनल केबल घ्या आणि ती कंपनीनं दिलेल्याच वाटेनं नेली आहे ना ते बघा. टाकीखाली किंवा हँडलच्या मानेपाशी केबलला तीव्र वळण पडलं की नवी केबलसुद्धा जड लागते. हँडल उंच किंवा रुंद करून घेतलेल्या गाड्यांवर हे हमखास होतं. पिव्हटचा बोल्ट काढून, जुनं काळं ग्रीस पुसून नवं लावणं हे दहा मिनिटांचं काम आहे. पावसाळा संपला की ते दरवर्षी करावं, कारण चार महिन्यांच्या पाण्यानं तिथलं ग्रीस धुऊन गेलेलं असतं.

बाजारात ‘हलका क्लच’ म्हणून मिळणारे काही लिव्हर खरंच हलके लागतात. त्यात केबलचं निपल पिव्हटच्या जवळ घेतलेलं असतं, म्हणजे गुणोत्तर बदललेलं असतं. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. समजा मूळ अंतर ३० मिलिमीटर होतं आणि नव्या लिव्हरमध्ये ते २७ आहे. हाताला साधारण दहा टक्के कमी जोर लागेल, पण लिव्हर तितकाच ओढून केबलही दहा टक्के कमी खेचली जाईल. ज्या गाडीचा क्लच जेमतेम सुटतो तिथे एवढ्यानंही तो पूर्ण सुटत नाही. मग सिग्नलला गाडी गिअरमध्ये पुढे सरकू पाहते, न्यूट्रल लागत नाही, गिअर खटकन पडतो आणि प्लेटा घासून झिजतात. असा लिव्हर घेतलात आणि ही लक्षणं दिसली, तर केबलचा प्ले, म्हणजे मोकळी ढील, कमी करून वेळ मारून नेऊ नका. प्ले अजिबात ठेवला नाही की क्लच उलट घसरायला लागतो. लिव्हरच्या टोकाशी किती प्ले हवा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. अनेक गाड्यांवर तो १० ते २० मिलिमीटर असतो, काहींवर बराच कमी. आपल्या गाडीचा आकडा बघूनच ठेवा.

आखूड लिव्हर, म्हणजे दुकानातले ‘शॉर्टी’, याबद्दलही थोडं सांगायला हवं. दोन बोटांनी क्लच-ब्रेक वापरणाऱ्यांना त्यांचा एक खरा फायदा आहे: उरलेली दोन बोटं ग्रिपवर मोकळी राहतात, लिव्हरखाली चेपत नाहीत. पण चार बोटांनी ओढायची सवय असलेल्यांची बोटं शॉर्टीवर पिव्हटच्या जवळ सरकतात. आधी जोर पिव्हटपासून १०० मिलिमीटरवर लागत होता आणि आता ८० वर लागतोय असं धरलं, तर त्याच परिणामासाठी २५ टक्के जास्त जोर हवा. जड क्लचवर शॉर्टी बसवून त्रास वाढवून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला तर शॉर्टी बसवूच नये. तिथे लिव्हरच्या लांबीचा प्रत्येक मिलिमीटर कामाला येतो.

ब्रेकच्या बाजूला काय होऊ शकतं

हायड्रॉलिक ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये, ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारं एक अगदी बारीक छिद्र असतं. लिव्हर पूर्ण सुटलेला असताना हे छिद्र उघडं असतं. लिव्हर ओढायला लागलं की पिस्टन पुढे सरकून ते छिद्र झाकतो, आणि तिथून पुढे पाइपात दाब तयार होतो. घाट उतरताना ब्रेक लावून लावून कॅलिपर तापतो, आतलं ऑइल फुगतं. लिव्हर सोडला की फुगलेलं जास्तीचं ऑइल त्याच छिद्रातून टाकीत परत जातं आणि पॅड डिस्कवरून सुटतात.

बदली लिव्हरचा पिस्टनला टेकणारा भाग मूळ मापापेक्षा किंचित जाड असेल, किंवा चकती फिरवल्यावर लिव्हरबरोबर पिस्टनही थोडा दाबला जात असेल, तर हे छिद्र कायमचं झाकलेलं राहतं. शहरात चार किलोमीटर फिरून येईपर्यंत काहीच कळत नाही. मग कधीतरी कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना ऑइल तापतं, फुगतं आणि त्याला परत जायला वाट मिळत नाही. पॅड डिस्कला धरूनच राहतात. त्या घर्षणानं ऑइल आणखी तापतं, आणखी फुगतं, पॅड आणखी आवळतात. ब्रेकला हात न लावता पुढचं चाक जाम होण्यापर्यंत हा प्रकार जाऊ शकतो, तोही वळणावर. मापात अर्धा-एक मिलिमीटर फरक असला तरी एवढं पुरतं. म्हणून ब्रेकचा लिव्हर रंग बघून घेऊ नये, असं मी इतक्या आग्रहानं सांगते.

घेतलाच असेल तर गाडी रस्त्यावर आणण्याआधी पुढच्या चाचण्या करा, आणि चकतीच्या प्रत्येक आकड्यावर करा. एका जागी बरोबर असलेला लिव्हर दुसऱ्या जागी चुकीचा असू शकतो. लिव्हर हलकेच ओढा. पिस्टनला टेकण्याआधी अगदी थोडा, पण बोटाला कळेल इतका, मोकळा प्ले हवा. पुढचं चाक उचलून हातानं फिरवा, ब्रेक लावा, सोडा, पुन्हा फिरवा. ब्रेक सोडल्यानंतरही चाक पहिल्यासारखंच मोकळं फिरलं पाहिजे. टाकी हँडलवर असलेल्या गाडीत झाकण उघडून लिव्हर अगदी हळू दाबला, तर दाबाच्या सुरुवातीला ऑइलच्या पृष्ठभागावर छोटीशी उसळी दिसते. ती दिसली म्हणजे छिद्र उघडं आहे. हे करताना भोवती फडकं गुंडाळा, ब्रेक ऑइल रंग खातं. कुठे सांडलंच तर लगेच पाण्यानं धुवा. यानंतर मोकळ्या रस्त्यावर पुढचा ब्रेक वापरत थोडं फिरून या आणि चाक पुन्हा उचलून फिरवा. गरम झाल्यावर चाक जड फिरत असेल तर लिव्हर काढून परत द्या. त्याला कानशीनं घासून बसवून देणारे कारागीर मिळतात. त्यांच्या नादी लागू नका.

वाटेत हे लक्षण दिसलं, म्हणजे लिव्हरचा प्रवास कमी कमी होत दगडासारखा कडक लागायला लागला, किंवा गाडी ओढल्यासारखी चालायला लागली, तर लगेच बाजूला थांबा आणि ब्रेक पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. चकती सर्वात लांबच्या आकड्यावर आणा, आणि जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश, मागच्या ब्रेकवर जा.

ब्रेकच्या लिव्हरशी आणखी एक छोटा भाग जोडलेला असतो: मागचा लाल दिवा लावणारा स्विच. बदली लिव्हरवरचा त्याला दाबणारा खिळा किंवा पट्टी जरा आखूड-लांब असेल तर दिवा लागतच नाही, किंवा सतत जळत राहतो. दोन्हींत मागच्या गाडीला तुम्ही ब्रेक लावलाय हे कळत नाही. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उलटी उभी करून बघितलं की चटकन समजतं. ब्रेकचा दिवा लिव्हरच्या हलक्या स्पर्शानं लागला आणि सोडल्याबरोबर विझला पाहिजे. डावीकडे पुष्कळ नव्या गाड्यांवर क्लचचाही स्विच असतो. तो दाबला गेला नाही तर गिअरमध्ये गाडी सुरू होत नाही. तो कायम दाबलेला राहिला तर क्लच न ओढता गिअरमध्ये स्टार्टर फिरतो आणि गाडी उडी घेते. न्यूट्रलमध्ये आणि गिअरमध्ये, क्लच ओढून आणि न ओढता, असे सगळे प्रकार गाडी हातात घट्ट धरून, पुढे मोकळी जागा ठेवून तपासा.

स्कूटरवाल्यांनी या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा किंवा एबीएस असणं बंधनकारक आहे. बहुतेक स्कूटरमध्ये डावा लिव्हर ओढला की मागचा आणि पुढचा असे दोन्ही ब्रेक एका ठरावीक प्रमाणात लागतात, आणि हे प्रमाण लिव्हरपाशी असलेल्या जोडणीवर ठरतं. बाहेरच्या लिव्हरनं ते बिघडतं. स्कूटरचा लिव्हर मोडला तर कंपनीचाच आणा.

एक गैरसमजही दूर करायला हवा. नव्या लिव्हरनं ब्रेक ‘शार्प’ होतो असं दुकानात सांगतात. लिव्हर जवळ आल्यानं बोटांना नीट पकड मिळते, त्यामुळे तसं वाटू शकतं. पण ब्रेकची खरी ताकद पॅड, ऑइल, पाइप आणि मास्टर सिलिंडरच्या मापातून येते. ब्रेम्बोच्या १९ आरसीएस या प्रसिद्ध मास्टर सिलिंडरमध्ये गुणोत्तर बदलायची सोय आहे, पण तो अख्खा मास्टर सिलिंडर आहे, नुसता लिव्हर नव्हे. तुमचा ब्रेक मऊ, स्पंजसारखा लागत असेल तर लिव्हरचे पैसे आधी नव्या ब्रेक ऑइलवर घाला. ते हवेतली आर्द्रता शोषतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. कोकणात, गोव्यात दमट हवेत राहणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

दुकानात वस्तू हातात घेतल्यावर

पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांमध्ये काउंटरवर लाल, सोनेरी, निळे लिव्हर मांडलेले असतात. साध्या गाडीचा कंपनीचा एक लिव्हर काही शे रुपयांत मिळतो, रंगीत जोडी पाचशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत, आणि नामांकित परदेशी कंपनीची खरी जोडी घेतली तर आकडा सहज पाच अंकी होतो. त्याच परदेशी नावाची जोडी कुणी हजार रुपयांत देत असेल तर ती नकली आहे.

‘सीएनसी’ हा शब्द ऐकून भारावून जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की धातूच्या ठोकळ्यातून मशीननं आकार कोरून काढला आहे. धातू कोणता, मापं किती अचूक, हे त्यातून कळत नाही. चांगल्या कारखान्यात ६०६१-टी६ या प्रकारचं ॲल्युमिनियम वापरतात, स्वस्तात काय वापरलं आहे ते सांगणं कठीण. म्हणून हातानं तपासा. पिव्हटच्या भोकात धातूचा किंवा नायलॉनचा बुश आहे का? तुमच्या गाडीचा बोल्ट सोबत न्या आणि भोकात घालून हलवा. वरखाली खडखडत असेल तर तिथेच परत ठेवा. हा खडखडाट रोजच्या वापरानं वाढतच जातो. केबलचं निपल ज्या कप्प्यात बसतं तो सहज फिरतो का ते बघा, कारण तिथे निपल अडकलं की केबलच्या तारा वाकून वाकून एकेक तुटतात. चकती प्रत्येक आकड्यावर टक्क करून बसली पाहिजे. रस्त्याच्या धक्क्यांनी आपोआप फिरणारी चकती धोकादायक. कडा धारदार नकोत.

लिव्हरच्या टोकाचा गोळाही बघा. गाडी पडल्यावर लिव्हर शरीरात घुसू नये म्हणून तो असतो. आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या नियमांत या गोळ्याचा व्यास किमान १६ मिलिमीटर असावा अशी अट आहे. टोकदार, तलवारीसारखे लिव्हर दिसायला कितीही झोकदार असले तरी घेऊ नका.

कच्च्या वाटांवर गाडी घालणाऱ्यांचा विचार वेगळा. सह्याद्रीतल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर गाडी आडवी पडणं नित्याचंच, आणि पडली की आधी लिव्हर मोडतो. तिथे दुमडणारा लिव्हर पैसे वसूल करून देतो; मात्र त्याच्या सांध्यातली स्प्रिंग आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत का ते विचारा. समुद्रकाठच्या हवेत साधं स्टील गंजून सांधा एकतर जाम होतो किंवा ढिला पडतो. हँडगार्ड लावलेले असतील तर नवा लिव्हर पूर्ण सोडल्यावर आणि पूर्ण दुमडल्यावर हँडगार्डच्या पट्टीला लागत नाही ना, तेही बघा. दुमडणारा घ्यायचा नसेल तर ज्याच्या टोकाकडे मुद्दाम खाच ठेवली आहे असा घ्या. पडल्यावर तो खाचेपाशी तुटतो आणि दोन बोटांपुरता भाग शिल्लक राहतो, तेवढ्यावर घर गाठता येतं. कंपनीचे ओतीव लिव्हर पडल्यावर पुष्कळदा नुसते वाकतात. असा वाकलेला लिव्हर पुन्हा सरळ करायचा मोह आवरा. एकदा वाकलेलं ॲल्युमिनियम परत वळवताना तडकतं, आणि बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही.

कायद्याचं विचारलं जातं म्हणून: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांबद्दल आहे, आणि लिव्हर त्या तपशिलांत येत नाही. वॉरंटीचा प्रश्न मात्र खरा आहे. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरचा लिव्हर बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

बसवताना

आधी क्लचचा लिव्हर बसवा आणि काही दिवस चालवा. त्यात खडखडाट, चकती फिरणं, रंग उडणं असं काही दिसलं, तर त्याच जोडीतला ब्रेकचा लिव्हर पाकिटातच राहू द्या. पिव्हटच्या बोल्टला आणि पिस्टनला टेकणाऱ्या जागेला बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस पुरे. पिस्टनच्या बाजूला सिलिकॉन ग्रीस वापरा, कारण साध्या ग्रीसनं तिथलं रबर फुगतं. पिव्हटचा बोल्ट आधी बेतानं आवळायचा, लिव्हर ओढून सोडल्यावर स्वतःहून सटकन परत येतो का ते पाहायचं, आणि मग तो बोल्ट पान्यानं धरून खालचा नट घट्ट करायचा. बोल्ट जास्त आवळला की लिव्हर अर्ध्यात अडकतो. हेही ब्रेक धरून राहण्याचं एक कारण असतं. हे काम तुमचा नेहमीचा मेकॅनिक करत असेल तरी शेजारी उभे राहा आणि वरच्या चाचण्या तुमच्यासमोर करून घ्या. चांगला मेकॅनिक त्याला हरकत घेत नाही.

काढलेले मूळ लिव्हर टाकू नका, भंगारात देऊ नका. त्यांचे बोल्ट-नट त्यांच्यासोबतच एका पिशवीत बांधून ठेवा. लडाख-स्पितीसारख्या लांबच्या प्रवासाला निघताना ती पिशवी, ८ ते १२ नंबरचे पाने आणि एक जास्तीची क्लच केबल सामानात असू द्या. ही केबल पिशवीत गुंडाळून ठेवण्यापेक्षा चालू केबलच्या शेजारून, त्याच वाटेनं नेऊन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे आत धूळ आणि पाणी जाणार नाही. चालू केबल तुटली तर टाकी न उतरवता, फक्त दोन्ही टोकं जोडून पुढे निघता येतं.